इंदापूरचा सारा

पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या बेचक्यात, इंदापूर तालुका आहे. आज उजनीच्या पाण्यावर तिथे ऊस डोलतो. पण एकोणिसाव्या शतकात हा पर्जन्यछायेतला, ज्वारी-बाजरीचा आणि आभाळाकडे डोळे लावून बसणारा मुलूख होता. १८३६ साली कंपनी सरकारने या तालुक्याचा शेतसारा बराच खाली आणला. पुढच्या तीस वर्षांत पडीक रान नांगराखाली आले आणि सरकारी वसूल घटण्याऐवजी वाढला. मुंबई इलाख्याच्या महसूल खात्यात हा दाखला नंतर पिढ्यानपिढ्या दिला गेला. कर उतरवला की तिजोरी भरते असे म्हणणाऱ्यांना आजही तो आवडेल. दाखला खोटा नाही. पण तो नेमका कशाचा आहे हे त्या तालुक्याची मागची-पुढची हकीकत पाहिल्याशिवाय कळत नाही.

दर उतरवून वसूल वाढवण्याची युक्ती इंग्रजांनी आणलेली नव्हे. दख्खनमध्ये शतकानुशतके जमीन मुबलक आणि ती कसणारा माणूस दुर्मिळ होता. लढाई, दुष्काळ, पटकी यांपैकी काहीही आले की कुणबी बैल हाकत शेजारच्या मुलखात निघून जाई आणि मागे शेतात बाभळी माजत. ओसाड गाव पुन्हा वसवायचे तर रयतेला काही आश्वासन द्यावे लागे. ते आश्वासन म्हणजे कौल, आणि त्यातली साऱ्याची चढती रीत म्हणजे इस्तावा. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, दुसऱ्या वर्षी थोडा जास्त, असे करत काही वर्षांनी पूर्ण दर. जमीन मोडून काढायला, झुडपे खणायला, बांध घालायला जी मेहनत लागते ती कुणब्याच्या पदरात पडावी आणि जमीन पिकती झाल्यावरच सरकारने आपला वाटा मागावा, असा त्यामागचा हिशेब.

छत्रपती शिवाजी महाराजांनी ५ सप्टेंबर १६७६ रोजी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला पाठवलेल्या पत्रात हाच हिशेब एक पाऊल पुढे गेलेला दिसतो. गावोगाव फिरून कुणबी गोळा करावेत, ज्याच्याकडे बैल नाहीत त्याला बैलांसाठी पैसे द्यावेत, पोटाला दाणे द्यावेत आणि दिलेले परत घेताना वाढीदिढी न लावता नुसते मुद्दल, तेही त्याला झेपेल तसे, घ्यावे, अशी ती आज्ञा आहे. दया त्यात आहेच. पण पडीक जमीन लावून सरकारचा दस्त, म्हणजे वसूल, वाढवावा हा हेतूही पत्रात उघड लिहिलेला आहे. दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत हे त्या काळच्या कारभाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

पेशवाईतही हीच चाल राहिली. गावात वंशपरंपरेने जमीन धरून असलेला मिरासदार पूर्ण दराने सारा भरी. बाहेरून आलेला उपरी मात्र कौलावर, कमी दराने जमीन करी, कारण त्याच्या हातात एक हुकमी पान होते: तो उठून जाऊ शकत असे. राज्यकर्त्याच्या हावेला खरा लगाम हाच होता. भीमेपलीकडे निजामाचा मुलूख फार लांब नव्हता.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात हा लगाम सुटला. परगण्यांची मामलत मक्त्याने, जो जास्त बोली लावील त्याला, दिली जाऊ लागली. मक्तेदाराला पुढच्या वर्षी आपण तिथे असू की नाही याची खात्री नसे. मग इस्ताव्याने सात वर्षांनी येणाऱ्या पैशाची वाट तो कशाला बघेल? त्यातच १८०२-०३ मध्ये यशवंतराव होळकराच्या फौजा आणि पेंढारी या भागातून गेले आणि पाठोपाठ मोठा दुष्काळ पडला. १८१८ साली पेशवाई संपली तेव्हा पूर्वेकडच्या तालुक्यांत कित्येक गावे निम्मीअधिक ओस होती.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दख्खनचा कमिशनर म्हणून कारभार हाती घेतला तेव्हा त्याने जुनी घडी फारशी मोडली नाही. मक्ते बंद केले, पण दर साधारण पेशवाईतल्या कमाल आकारणीच्या धोरणाने ठेवले. पहिली काही वर्षे निभावून गेली. मग शांतता आली, आणि शांततेबरोबर एक अनपेक्षित संकट आले. फौजा मोडल्या, पुण्यातला दरबार उठला, घोड्यांना चंदी आणि शिपायांना धान्य विकत घेणारे मोठे गिऱ्हाईक नाहीसे झाले. लागवड वाढली होती, खपणारी तोंडे कमी झाली होती. ज्वारी-बाजरीचे भाव १८२० च्या दशकात कोसळले. सारा मात्र रोख रुपयांत ठरलेला. पूर्वी जितके धान्य विकून सारा फिटत असे, त्याच्या कितीतरी पट धान्य आता बाजारात न्यावे लागे. सरकारने दर वाढवला नव्हता, तरी कर वाढला होता.

या वेळी रंगमंचावर रॉबर्ट कीथ प्रिंगल आला. कंपनीच्या हेलीबरी येथील कॉलेजात माल्थस अर्थशास्त्र शिकवत असे. तिथून निघालेल्या तरुण मुलकी अधिकाऱ्यांपैकी तो एक. जमिनीचा खंड म्हणजे सगळा खर्च वजा जाता उरणारे निव्वळ उत्पन्न, आणि कर बसवायचा तर तो त्याच उत्पन्नावर, हा रिकार्डोचा सिद्धांत त्याला अगदी पटलेला होता. १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने पुणे आणि आसपासच्या मुलखाची मोजणी सुरू केली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीत सरासरी किती पिकते, त्याची किंमत किती, बैल, बी, मजुरी यांचा खर्च किती, हे काढायचे; खर्च वजा करायचा; आणि उरलेल्याच्या ५५ टक्के सारा ठेवायचा. कागदावर याहून न्याय्य योजना सुचणे कठीण.

बिघडले ते कागदाबाहेर. सरासरी उत्पन्न कोणी सांगायचे? ज्याच्या हाती माप आणि लेखणी होती त्याने. हाताखालच्या मोजणीदारांनी आणि कारकुनांनी पैसे खाऊन चांगल्या जमिनी हलक्या आणि हलक्या जमिनी चांगल्या लिहिल्या. ज्याने हात ओले केले नाहीत त्याच्या मुरमाड माळाला काळ्या रानाचा आकार लागला. बैलजोडीचा खर्च गावागावाला, घराघराला वेगळा. त्याची सरासरी काढणे म्हणजे वाऱ्याची मोट बांधणे. शिवाय ज्या भावांवर हिशेब केला ते भाव नवे दर लागू होईपर्यंत आणखी घसरले. इंदापुरासारख्या कोरड्या तालुक्यात, जिथे चार वर्षांतून एखादे वर्ष धड पिकते, तिथे सरासरीला अर्थच नव्हता.

या वर्षांत दख्खनमध्ये काय झाले याचे वर्णन मुंबई सरकारच्याच १८७२-७३ च्या प्रशासन अहवालात आले आहे, आणि ते सरकारी भाषेला न शोभण्याइतके उघड आहे. वसुलीसाठी कायदेशीर-बेकायदेशीर सगळे उपाय झाले, रयतेचा अमानुष छळ झाला, लोक घरेदारे टाकून शेजारच्या संस्थानांत पळाले, आणि काही भागांत लागवडीजोग्या जमिनीपैकी जेमतेम तिसरा हिस्सा लोकांच्या ताब्यात उरला, असे तो अहवाल सांगतो. दर चढा, जमीन ओसाड, तिजोरी रिकामी. करांवरच्या वादात ज्या टोकाची नुसती कल्पना केली जाते, ते टोक इंदापूरने प्रत्यक्ष पाहिले.

तालुक्याची पाहणी पुन्हा करण्याचे काम १८३५ च्या सुमारास हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड या मुलकी अधिकाऱ्याकडे आले. त्याच्या जोडीला इंजिनिअर पलटणीतला लेफ्टनंट जॉर्ज विंगेट दिला गेला. दोघेही पंचविशीच्या आतले. प्रिंगलचे आकडे दुरुस्त करता येतील का हे त्यांनी आधी तपासले आणि ते दुरुस्त होण्यापलीकडचे आहेत असे ठरवून टाकले. मग त्यांनी सिद्धांतच बाजूला ठेवला. निव्वळ उत्पन्न किती हे ठरवण्याच्या भानगडीत पडायचेच नाही. त्याऐवजी तालुक्याने मागच्या वीस-पंचवीस वर्षांत खरोखर किती सारा भरला, कोणत्या वर्षी किती जमीन लागवडीत होती, भाव काय होते, पाऊस कसा, बाजार किती लांब, हे बघायचे. ज्या आकड्याला लागवड वाढत गेली आणि ज्या आकड्यानंतर ती घटत गेली, त्या दोहोंमध्ये तालुक्याला झेपणारा आकडा सापडतो. तो एकदा सापडला की प्रत्येक शेताच्या वाट्याला त्यातला किती यावा, एवढेच ठरवायचे उरते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही गावंढळ पद्धत होती, चालली तीच.

शेतावर हिस्सा बसवण्याचे काम जवळून पाहण्यासारखे आहे, कारण त्याच्या खुणा महाराष्ट्राच्या बोलण्यात आणि दप्तरात अजून आहेत. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे भाग सोळा, प्रत्येक भाग एक आणा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. एका बैलजोडीला आवरेल एवढ्या बेताचा सर्व्हे नंबर पाडला जाई आणि त्याच्या कोपऱ्यांवर दगड रोवले जात. मग प्रतबंदी करणारा कारकून पहार आणि वही घेऊन शेतात उतरे. शेताच्या नकाशावर चौकटी आखलेल्या असत. प्रत्येक चौकटीत पहार खुपसून मातीची खोली हातांत मोजायची, माती काळी, तांबूस की मुरमाड ते बघायचे आणि दोष टिपायचे: चुनखडी मिसळलेली आहे का, वाळसर आहे का, उतरण आहे का, पाणी उपळते का. पावणेदोन हात खोल काळी माती म्हणजे अव्वल प्रत, सोळा आणे. दीड हात असेल तर चौदा आणे, सव्वा हात असेल तर बारा. दोषाची एक खूण पडली की प्रत एका पायरीने उतरायची; सव्वा हात काळ्या रानात चुनखडी निघाली तर बाराचे दहा आणे. अशा एकूण नऊ प्रती, शेवटची दोन आण्यांची. सगळ्या चौकटींची सरासरी म्हणजे त्या नंबराचे आणे. तालुक्याच्या अव्वल जमिनीचा दर ठरला की त्रैराशिकाने प्रत्येक नंबराचा आकार निघे. सात-बाराच्या उताऱ्यावर आजही ‘आकार’ आणि ‘पोटखराब’ हे शब्द छापलेले असतात ते या कारकुनाच्या वहीतून आलेले.

दराइतकीच महत्त्वाची होती मुदत. नवी आकारणी तीस वर्षांसाठी होती. त्या मुदतीत कोणी विहीर खणली, ताल घातली, माळाचे बागायत केले, तरी सारा वाढायचा नाही. आणि ठरावीक वेळेत नको असलेला नंबर सोडून देण्याची मोकळीक होती. त्यासाठी द्यायचा कागद म्हणजे राजीनामा. नवा नंबर घेताना लिहून द्यायची ती कबुलायत. पुढाऱ्यांच्या खिशात जाऊन बसण्याआधी राजीनामा हा शब्द कुणब्याच्या हातात होता. १८४७ साली गोल्डस्मिड, विंगेट आणि कॅप्टन डेव्हिडसन यांनी मिळून केलेल्या अहवालात ही सगळी पद्धत नियमबद्ध झाली आणि पुढे मुंबई इलाखाभर पसरली.

इंदापुरात परिणाम लवकर दिसला. निजामाच्या हद्दीत गेलेली कुळे परतली, पडीक नंबर उचलले जाऊ लागले, वर्षागणिक लागवड वाढली. तीस वर्षे पुरी होईतो लागवडीजोगे पडीक रान जवळजवळ उरले नाही, आणि दर खाली असूनही वसूल पूर्वीपेक्षा वर गेला.

हे कसे घडले याचे गणित पाटीवर मांडता येते. शंभर एकरांपैकी तेहतीसच लागवडीत आहेत आणि दर एकरी रुपया आहे, तर सरकारला तेहतीस रुपये मिळतात, तेही सगळे वसूल झाले तर. दर आठ आण्यांवर आणला आणि लागवड ऐंशी एकरांवर गेली, तर चाळीस मिळतात. पण समजा मुळात ऐंशी एकर लागवडीत असताना दर निम्मा केला. मग शंभरच्या शंभर एकर नांगरले तरी ऐंशीचे पन्नासच होणार. दर तोच, सूट तीच, रयतही तीच. फरक फक्त किती जमीन रिकामी पडली होती याचा. इंदापूरचे यश सूट देण्यात जेवढे होते तेवढेच, किंबहुना जास्त, त्या ओसाड दोन-तृतीयांशात होते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ आर्थर लाफर यांनी १९७४ साली वॉशिंग्टनमध्ये जेवणाच्या रुमालावर काढली असे म्हणतात ती प्रसिद्ध कमान हेच सांगते: शून्य दराला वसूल शून्य, शंभर टक्के दरालाही शून्य, आणि मधे कुठेतरी शिखर. त्या संध्याकाळचा तपशील आपल्याला आठवत नाही, असे लाफर यांनी स्वतः लिहिले आहे. ते काही असो. कमान काढणे सोपे, आपण तिच्या कोणत्या उतारावर उभे आहोत हे ओळखणे अवघड. प्रिंगलच्या इंदापुरात ते ओळखायला अर्थशास्त्र लागत नव्हते. माळावरची कुसळे पुरेशी होती.

आणखी एक गोष्ट या हिशेबात सहसा धरली जात नाही. प्रिंगलचा आकार कागदावर जेवढा होता तेवढा कधीच वसूल झाला नाही. दरवर्षी पीक बुडाल्याचे अर्ज, पाहण्या, सूट, तहकुबी आणि मागची बाकी. कोणाला किती सूट हे मामलेदार कचेरीतले कारकून आणि गावचे कुलकर्णी ठरवत, आणि ती फुकट मिळत नसे. विंगेट-गोल्डस्मिड यांनी केले ते असे की, एरवी दरवर्षी घासाघीस करून, देवघेव करून मिळणारी सूट त्यांनी एकदाच, सगळ्यांना, कायम स्वरूपात दरातच घातली. म्हणजे कमी झाला तो बराचसा कागदावरचा आकडा. तिजोरीत पडणारा नव्हे. यात तोटा झालाच तर तो सुटीच्या वाटणीवर पोट भरणाऱ्यांचा.

शिवाय तीस वर्षांत सारा सोडून इतर पुष्कळ काही बदलले. पडलेले भाव १८५० नंतर सावरले. लोहमार्ग १८५८ साली पुण्यापर्यंत आणि १८६० साली सोलापूरपर्यंत आला. इंदापूरच्या उत्तर शिवेजवळून आगगाडी धावू लागली आणि धान्याला मुंबईची पेठ मिळाली. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदी कापसावर झेप घेतली आणि दख्खनच्या बाजारात पैसा खेळू लागला. लागवडीची पहिली उसळी तरी रेल्वेच्या कितीतरी आधीची आहे, तिचे श्रेय कमी दराला आणि पक्क्या मुदतीला निर्विवाद द्यावे लागते. साठीतल्या भरभराटीचे श्रेय मात्र त्यांना देणे म्हणजे कोंबड्याने सूर्य उगवला म्हणण्यासारखे आहे. मुंबईच्या महसूल खात्याने नेमके तेच केले.

रयत श्रीमंत झाली का, हा वेगळा प्रश्न. फेरपाहणीच्या अहवालांत गाड्या, नांगर, विहिरी आणि माणसे मोजण्याची प्रथा होती आणि हे सगळे आकडे वाढलेले दाखवले जात. वाढ खोटी नव्हती. पण नांगराखाली आलेल्या नव्या जमिनीत दोन-तीन आण्यांच्या प्रतीचे माळ पुष्कळ होते. तिथे पूर्वी गुरे चरत. चराऊ रान घटले तसे गुरांना वैरण आणि शेतांना शेणखत कमी पडू लागले. दुसरा परिणाम कोणी योजला नव्हता. सारा जमिनीच्या सगळ्या कसाएवढा असतो तेव्हा जमिनीला बाजारात किंमत नसते. सारा उतरला, शिलकीची शक्यता निर्माण झाली, आणि जमीन गहाण ठेवण्याजोगी झाली. कुणब्याला कर्ज सहज मिळू लागले. नवी दिवाणी न्यायालये सावकाराच्या वहीवर हुकूमनामे देऊ लागली होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खते दर तीन वर्षांनी बदलून घेणे आले आणि प्रत्येक वेळी व्याज मुद्दलात मिळवले गेले. सावकार न्यायालयाच्या बळावर रयतेला कसा मुठीत धरतो आहे, हा इशारा १८५२ सालीच दिला गेला होता, आणि देणारा स्वतः विंगेट होता.

इंदापूरची मुदत सर्वांत आधी भरली. १८६७ साली कर्नल फ्रान्सिसच्या देखरेखीखाली फेरआकारणी झाली. पुन्हा मोजणी, पुन्हा प्रतबंदी, आणि गेल्या दशकातले चढे भाव पाहून सारा एकदम भरपूर वाढवला गेला. पूर्वीच्या सवलतीने सुबत्ता आली, आता सरकारने आपला वाटा घ्यावा, असा युक्तिवाद होता. भाव मात्र तोपर्यंत उतरायला लागले होते. अमेरिकेतले युद्ध १८६५ ला संपले आणि कापसाचा फुगा फुटला. १८२० च्या दशकातली चूक पुन्हा झाली: तेजीच्या भावांवर बसवलेला रोख सारा मंदीत भरायचा. फरक इतकाच की, आता पळून जायला पलीकडे मोकळी जमीन नव्हती, आणि घरातला कागद सावकाराकडे होता. पुण्यात १८७० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने या वाढीविरुद्ध गावोगाव माहिती गोळा करून आवाज उठवला.

१२ मे १८७५ रोजी, इंदापूरच्या शेजारच्या भीमथडी तालुक्यात, सुपे गावच्या बाजारात जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या दुकानांत शिरून खते, रोखे आणि हुकूमनामे बाहेर काढून जाळले. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पोहोचले. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने मुख्य कारण कर्जबाजारीपणा ठरवले; आयोगाचे एक सभासद ऑकलंड कॉल्व्हिन यांनी मात्र स्वतंत्र टिपणात फेरआकारणीवर कडक टीका केली. दोन्ही बाजूंना पुरावा होता. नगर जिल्ह्यात फेरआकारणी अजून झालीही नव्हती, तरी दंगे झाले. म्हणून सगळा दोष साऱ्यावर टाकता येत नाही. पण हप्ता भरायला रोख लागते, ती सावकाराकडूनच येते, आणि हप्ता वाढला की कर्ज वाढते, ही साखळी कोणी नाकारली नाही.

सरकारला वाढीला लगाम घालावा लागला तो दंग्यांच्या आधीच, १८७४ साली. फेरआकारणीत तालुक्याचा एकूण सारा ३३ टक्क्यांपेक्षा, एका गावाचा ६६ टक्क्यांपेक्षा आणि एका खातेदाराचा १०० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा नाही, असा नियम झाला आणि इंदापूरसह पुण्याच्या पूर्व तालुक्यांतले वाढीव आकार खाली आणले गेले. खातेदाराचा सारा एका दमात दुप्पट होऊ नये एवढ्यासाठी नियम करावा लागतो, यावरून त्याआधी काय चालले असेल याचा अंदाज यावा. १८७९ साली मुंबईचा जमीन महसूल कायदा आणि दख्खन शेतकरी साहाय्य कायदा असे दोन्ही कायदे आले.

जमिनीचे गणित सगळ्या करांना लावता येत नाही, हे पुढच्या पिढीत मिठाने दाखवले. मिठावरचा कर १८८२ साली मणाला दोन रुपयांवर आणला गेला होता. जानेवारी १८८८ मध्ये तो अडीच रुपये झाला. हा मण सुमारे ३७ किलोंचा. २६ मार्च १९०२ रोजी मध्यवर्ती कायदे मंडळात अंदाजपत्रकावर पहिले भाषण करताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी, सरकारजवळ वर्षानुवर्षे शिलक पडत असताना गरिबाच्या मिठावर एवढा कर कशासाठी, असा प्रश्न केला. दर कमी होता तेव्हा खप वाढत होता आणि दर चढवल्यावर ती वाढ थबकली, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवले. पुढच्या वर्षीपासून कर उतरू लागला: १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक.

खप वाढला. पेण, उरण, पनवेलच्या मिठागरांतून निघणाऱ्या मिठाला अधिक गिऱ्हाईक मिळाले. ज्या घरात गुरांना मीठ देणे परवडत नव्हते तिथे ते दिले जाऊ लागले. पण अडीच रुपयांचा कर एक रुपया झाल्यावर जुने उत्पन्न टिकवायचे तर खप अडीच पट व्हायला हवा. माणूस भाकरी जास्त खाईल, कापड जास्त घेईल. आमटीत अडीच पट मीठ कोण घालील? मिठाचे उत्पन्न घटले ते घटलेच. गोखल्यांचा मुद्दा त्यामुळे चुकत नाही, कारण त्यांचा भर गरिबाच्या ताटावरचा भार कमी करण्यावर होता आणि तो भार कमी झाला. शिलक असलेल्या तिजोरीला तोटा सोसण्याची ऐपत होती.

शिलक संपल्यावर दर पुन्हा चढले. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, कर सव्वा रुपया झाला. १९२३ साली कायदे मंडळाचा विरोध डावलून व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या खास अधिकारात तो अडीच रुपयांवर नेला, आणि लोकांचा रोष पाहून १९२४ मध्ये पुन्हा सव्वा रुपयावर आणावा लागला. १९३० च्या सत्याग्रहानेही कर उठला नाही. गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यावरच्या गावांना घरगुती वापरापुरते मीठ उचलण्याची मुभा तेवढी मिळाली. शेवटी १ एप्रिल १९४७ पासून मिठावरचा कर रद्द झाला.